डागी गोळ्यांचा बाजार कसा उभा राहिला

अमेरिकेत शिकारीची काडतुसं घरी भरणारे हजारो लोक आहेत. कारखान्यानं तपासणीत बाजूला काढलेल्या डागी गोळ्यांवर त्यांचं कायम लक्ष असतं. तिकडे या मालाला 'ब्लेम' (ब्लेमिश, म्हणजे डाग, याचं छोटं रूप) किंवा 'सेकंड' म्हणतात. तांब्याच्या आवरणावर काळपट डाग, पुसटसा ओरखडा, टोकाच्या प्लास्टिकचा रंग जरा उतरलेला, असं काहीतरी त्यात असतं. माल साध्या पिशवीत येतो, किंमत कमी असते, आणि कित्येकदा पिशवीवर बनवणाऱ्याचं नावही नसतं. हरणावर झाडायची गोळी माणसं अशी स्वस्तात का घेतात, याचं उत्तर गेल्या दीडशे वर्षांत सापडतं.

काडतुसाचे चार भाग: पितळेची पुंगळी, तिच्या बुडाची टोपी म्हणजे प्रायमर, दारू आणि पुढं बसवलेली गोळी. बार उडाल्यावर टोपी निकामी होते, दारू जळून जाते, गोळी निघून जाते, पुंगळी मात्र हातात राहते. यातला महाग भाग पुंगळीचा, आणि ती पुन्हा भरता येते. 1870 च्या दशकात गवताळ मैदानांत रानगव्यांमागे फिरणारे शिकारी शिसं आणि दारू सोबत बाळगत आणि रात्री तळावर काडतुसं भरत. 1884 मध्ये जॉन बार्लो यांनी कनेक्टिकटमध्ये 'आयडियल' कंपनी काढली. तिच्या पकडीसारख्या हत्यारानं हे काम शेतकऱ्याच्या घरात पोचलं. गोळी तेव्हा घरीच ओतली जायची. शिसं वितळवायचं, साच्यात घालायचं. रूप कसं आहे याची पर्वा कोण करणार?

1890 च्या दशकात धूर न करणारी दारू आली आणि चित्र पालटलं. गोळीचा वेग इतका वाढला की नुसतं शिसं नळीत तग धरेना. त्यावर तांब्याच्या मिश्रधातूचं आवरण चढवावं लागलं, आणि ते चुलीवर जमणारं काम नव्हतं. घरी भरणारा माणूस पहिल्यांदाच गोळीसाठी कारखान्यावर अवलंबून झाला. माझ्या मते डागी मालाची खरी कहाणी इथून सुरू होते, कारण कारखान्याशिवाय 'नापास' गोळी ही कल्पनाच संभवत नाही.

दुसऱ्या महायुद्धात सगळं तांबं आणि शिसं सैन्याकडे वळलं, आणि दुकानात गोळ्या मिळेनाशा झाल्या. तेव्हा पुढं आपापल्या नावाच्या गोळ्यांच्या कंपन्या उभ्या करणारे जॉइस हॉर्नेडी आणि व्हर्नन स्पीअर यांनी .22 च्या (हे नळीच्या व्यासाचं इंचातलं माप) उडवून टाकलेल्या पुंगळ्यांपासून गोळ्यांची आवरणं बनवायला घेतली. कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिलमध्ये फ्रेड हंटिंग्टन यांनीही याच कामाचं यंत्र तयार केलं; पुढची प्रसिद्ध आरसीबीएस कंपनी त्यातूनच उभी राहिली. भंगारातून बनलेली ती गोळी चकचकीत असावी अशी कोणाची अपेक्षा नव्हती. युद्ध संपल्यावर ब्रूस हॉजडन यांनी सैन्याची उरलेली दारू विकत घेऊन ती काडतुसं भरणाऱ्यांना विकायला सुरुवात केली. आज नावाजलेल्या या कंपन्यांची मुळं अशी टाकाऊ आणि शिल्लक मालात आहेत. डागी गोळी विकत घेणारा त्याच परंपरेतला आहे, असं मला मनापासून वाटतं.

पण त्याच सुमाराला गोळी महाग व्हायलाही लागली, आणि त्यामागचं कारण रास्त होतं. 1946 मध्ये जॉन नॉस्लर कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात मूसच्या शिकारीला गेले होते. मूस म्हणजे घोड्याहून उंच भरणारं सांबराच्या कुळातलं जनावर. त्याच्या अंगावर वाळलेल्या चिखलाचा थर होता. बंदूक जोरकस होती, पण वेगामुळं गोळ्या वरच्यावरच फुटत राहिल्या, आत खोल गेल्याच नाहीत. घरी परतल्यावर नॉस्लर यांनी एका आवरणात शिशाचे दोन कप्पे आणि मध्ये धातूची भिंत अशी गोळी बनवली. पुढचा भाग फुलतो, मागचा अखंड राहून आत शिरतो. 1948 मध्ये 'पार्टिशन' या नावानं ती बाजारात आली. पुढे त्यांची कंपनी ऑरेगनमधल्या बेंड गावी स्थिरावली. जखमी जनावर रानात तडफडत फिरू नये, हा त्या शोधामागचा हेतू होता.

अशी गोळी करायला कष्ट पडतात आणि तपासणीही कडक लागते. 1980 च्या दशकात नॉस्लरच्याच 'बॅलिस्टिक टिप' या गोळीला रंगीत प्लास्टिकचं टोक आलं: .30 ला हिरवं, 7 मिलिमीटरला लाल, .270 ला पिवळं. त्याबरोबर नापास होण्याची नवी कारणंही आली. छटा चुकली, टोकावर चरा पडला, तरी गोळी बाजूला. तांबं तर दमट हवेनं किंवा हाताच्या घामानंही काळवंडतं. इतक्या मेहनतीचा माल वितळवून टाकण्यापेक्षा कमी भावात विकणं कारखान्यालाही परवडतं. नॉस्लरचा असा माल विकणारं स्वतंत्र दुकान बेंडमध्येच आहे.

हा धंदा प्रामुख्यानं टपालानं चालतो, त्यामुळं कायद्याचा भागही मोठा आहे. 1968 च्या बंदूक नियंत्रण कायद्यानं 'दारूगोळा' या शब्दात सुट्या गोळ्यांनाही धरलं आणि परराज्यातून टपालानं माल मागवण्याची वाट बंद झाली. 1986 च्या दुरुस्तीनं ती पुन्हा मोकळी केली. मिझुरीतल्या मिडवेसारखी टपालाची दुकानं त्यानंतर फोफावली. डागी माल थोडा असतो आणि अधूनमधूनच निघतो. देशभरातलं गिऱ्हाईक एकाच ठिकाणी मिळाल्याशिवाय तो खपणं अवघड होतं.

आता खरा प्रश्न उरतो तो डाग वरचा आहे की आतला, हा. रंग उतरल्यानं गोळीची दिशा बदलत नाही. पण आवरणाची जाडी एका बाजूला कमी असेल, शिसं मधोमध बसलं नसेल किंवा बूड तिरकं असेल, तर गोळी डगमगत जाते आणि जनावराच्या पोटात लागते. म्हणून जाणते लोक पिशवी उघडली की आधी गोळ्या काट्यावर तोलतात. वजन ग्रेनमध्ये मोजतात. 150 ग्रेन म्हणजे पावणेदहा ग्रॅमच्या आसपास. जास्त फरक दिसला तर ती गोळी कागदी निशाण्यावर सरावाला जाते. बूड आणि लांबीही ते तपासतात. वजन, बूड, लांबी न बघता केवळ स्वस्त आहे म्हणून डागी गोळी थेट शिकारीला नेणारा माणूस नॉस्लर यांनी ज्या त्रासापासून जनावराला वाचवायचा प्रयत्न केला, तोच त्रास पुन्हा देतो. मला हे अक्षम्य वाटतं. उलट स्वस्त गोळ्यांमुळं ज्याचा वर्षभर सराव होतो, त्याचा नेम हंगामात चुकण्याची शक्यता कमी होते. या बाजाराची सगळ्यात मोठी बाजू हीच आहे.

गेल्या काही वर्षांत या मालाला आणखी एका दिशेनं मागणी आली. शिशाचे कण राहिलेलं मांस खाऊन कॅलिफोर्नियातली काँडर गिधाडं विषबाधेनं मरत होती. त्या राज्यानं 2013 मध्ये कायदा केला आणि 1 जुलै 2019 पासून सगळ्या शिकारीत शिशाच्या दारूगोळ्यावर बंदी आली. त्यामुळं शिसं मुळीच नसलेल्या, अखंड तांब्याच्या गोळ्यांकडे लोक वळले. बार्न्स कंपनीनं 1989 मध्ये आणलेली 'एक्स' ही त्यांतली आद्य गोळी. तांब्याची गोळी शिशाच्या साध्या गोळीपेक्षा बरीच महाग पडते. तिच्या डागी पिशव्या दुकानात आल्या की सर्वांत आधी गिधाडांच्या प्रदेशातले शिकारी त्या घेऊ लागले, तर ते मला गिधाडांच्याही भल्याचं वाटेल.