भाकरी आणि खेळ

भाकरी आणि खेळ : सार्वजनिक सेवांवरच्या खर्चात हात आखडता घ्यायचा आणि त्याच सुमारास करमणुकीचा थाट मांडायचा, म्हणजे मतदाराचे लक्ष कपातीकडे जात नाही, या राजकीय रीतीचे नाव. ‘पानेम एट किर्केन्सेस’ हा मूळ लॅटिन शब्दप्रयोग रोमन कवी जुव्हेनल याच्या, इ.स. दुसऱ्या शतकाच्या आरंभीच्या एका उपहासकाव्यात येतो. एकेकाळी सेनापती आणि अधिकारी निवडणारी जनता आता फक्त भाकरी आणि रथांच्या शर्यती मागते, अशी त्याची व्यथा होती.

रोममधले सर्वांत बोलके उदाहरण ज्यूलियस सीझरचे आहे. इ.स.पू. ४६ मध्ये त्याने एकापाठोपाठ चार विजयोत्सव केले, शहरभर मेजवान्या दिल्या, मुद्दाम तळे खोदून त्यात जहाजांची लुटुपुटूची लढाई दाखवली. साधारण त्याच काळात त्याने फुकट धान्य मिळणाऱ्यांची यादी ३,२०,००० वरून १,५०,००० वर आणली. निम्म्याहून अधिक नावे गळाली. त्यातली काही खोटी असतीलही. पण इतिहासात रंगवून सांगितली जाते ती जहाजांची लढाई.

पुण्यात या रीतीला असे एक नाव नाही, पण तिची रूपे सगळ्यांच्या परिचयाची आहेत. चौकात मांडव पडतो, फ्लेक्स लागतो, ‘खेळ पैठणीचा’ रंगतो : उखाणे, संगीत खुर्ची, फुगे फोडणे, शेवटी पैठणी. दिवाळी पहाट, दहीहंडी, कोजागरीचे मसाला दूध, हळदीकुंकवाचे वाण, तुळजापूर-कोल्हापूर किंवा थेट काशीची यात्रा. यात्रेच्या नावनोंदणीत मोबाइल क्रमांक घेतला जातो आणि पुढे प्रचाराला तोच उपयोगी पडतो. महापालिकेच्या निवडणुका २०१२ आणि २०१७ मध्ये फेब्रुवारीत झाल्या, २०२६ ची तर १५ जानेवारीला, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी. नवरात्र ते संक्रांत हा सणांचा हंगाम त्यामुळे प्रचाराचाही हंगाम ठरतो.

या कार्यक्रमांना येणाऱ्या बायकांना भोळ्या म्हणणे अन्यायाचे आहे. वर्षभर घर आणि नोकरी सांभाळणारी बाई एका संध्याकाळी गल्लीत चारचौघींत हसते-नाचते, यात नाव ठेवण्यासारखे काही नाही. विचारायचे ते आयोजकाला. हा खर्च बहुधा इच्छुकाच्या किंवा प्रायोजकाच्या खिशातून होतो, म्हणून तो महापालिकेच्या हिशेबात दिसत नाही, आणि मनात राहते ते देणाऱ्याचे नाव. दवाखान्यातली रिकामी जागा भरली तर तिच्यावर कोणाचा फोटो लागत नाही.

कपात मात्र आवाज न करता होते. पुण्यात तिचा नेहमीचा शब्द आहे ‘वर्गीकरण’. एका कामासाठी अंदाजपत्रकात मंजूर झालेली रक्कम वर्षाच्या मध्येच दुसऱ्या कामाकडे वळवायची, त्यासाठी स्थायी समिती आणि मुख्य सभेची मंजुरी घ्यायची. प्रत्येक वर्गीकरण वाईट नसते. अडलेले काम त्याने सुटतेही. पण मोठ्या कामाचा निधी प्रभागातल्या बाकड्यांकडे आणि नामफलकांकडे गेला, तर नागरिकाला दिसतो तो नवा नामफलक. नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांची ‘स यादी’ही याच कारणाने वादाची ठरत आली आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मध्ये कलम ६३ आवश्यक कर्तव्यांचे आणि कलम ६६ ऐच्छिक कामांचे आहे. पाणीपुरवठा कलम ६३ मध्ये येतो. तरीही २०२१ मध्ये महापालिकेत आलेल्या नांदेड, किरकटवाडी या गावांना विहिरीचे पाणी शुद्धीकरण केंद्राशिवाय, फक्त क्लोरीन टाकून मिळत होते, ही गोष्ट शहराच्या डोळ्यांवर आली ती जानेवारी २०२५ मध्ये त्या भागात गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढल्यावर.

बसचेही तसेच. शहरबस चालवणाऱ्या पीएमपीएमएल या कंपनीची तूट पुणे आणि पिंपरी-चिंचवड या महापालिका ६० आणि ४० टक्के अशी वाटून घेतात. १ जून २०२५ पासून किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये झाले. रोज दोनदा बस बदलून धुणीभांडी करायला जाणाऱ्या बाईला ही वाढ महिनाअखेरीस कळते.

राज्याच्या पातळीवर २०२५ सालच लक्षात ठेवण्याजोगे आहे. जुलैमध्ये सार्वजनिक गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा जाहीर झाला; त्याच गणपतीत शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि तेल देणारा ‘आनंदाचा शिधा’ आर्थिक ताणामुळे मिळाला नाही. एक निर्णय दुसरा झाकण्यासाठी घेतला, असे यावरून सिद्ध होत नाही. या संकल्पनेची खरी अडचण हीच आहे : हेतू क्वचितच सिद्ध करता येतो. म्हणून कोणाच्या मनात काय होते यापेक्षा उत्सव आणि कपात यांच्या तारखा शेजारी ठेवून पाहणे अधिक उपयोगाचे.

उत्सव म्हणजे दिशाभूलच, असे मात्र पुण्याने कधी मानू नये. लोकमान्य टिळकांनी १८९० च्या दशकात गणेशोत्सवाला सार्वजनिक बळ दिले, आणि १८९६ च्या दुष्काळात ‘केसरी’तून शेतकऱ्यांना दुष्काळ संहितेतले त्यांचे हक्कही समजावून सांगितले. उत्सवात गाणी म्हणणाऱ्या मेळ्यांच्या पदांतून सरकारवर टीका होई. आजही एखाद्या पेठेतल्या मंडळाचा जिवंत देखावा पाण्याच्या टंचाईवर किंवा रस्त्यांवर असतो. रोमच्या सर्कशीत, म्हणजे रथांच्या शर्यतींच्या मैदानातही, लोक फक्त रथ पाहत नव्हते, इ.स. ४१ मध्ये त्यांनी तिथेच सम्राट कॅलिग्युलाकडे कर कमी करण्याची मागणी केली, आणि त्याने ओरडणाऱ्यांना ठार करवले. ब्राझीलमध्ये जून २०१३ मध्ये, विश्वचषकाची स्टेडियमे उभी राहत असताना, बसभाड्यातील वाढीवरून लोक रस्त्यावर उतरले आणि ‘फिफा दर्जाची रुग्णालये द्या’ अशी मागणी करू लागले. फुटबॉलवर जीव टाकणाऱ्या देशात हे घडले.

पुण्यात नागरिकांना २००६ पासून ‘सहभागी अंदाजपत्रका’त आपल्या भागातली छोटी कामे सुचवता येतात : पदपथ, पथदिवे, बसथांबा. त्यासाठीचा अर्ज क्षेत्रीय कार्यालयात साधारणपणे ऑगस्ट-सप्टेंबरात, गणपतीच्या धामधुमीतच भरावा लागतो.