दहा बाय बाराचा स्टुडिओ आणि काचेची केबिन: पार्श्वभूमी

मराठवाड्यात घरातल्या रिकाम्या खोलीत रेकॉर्डिंग सुरू करणाऱ्याचं सामानापाशी फारसं अडत नाही. माइक, इंटरफेस (माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी पेटी), हेडफोन, लॅपटॉप हे सगळं आठवड्याभरात जुळतं. खरा वाद सुतार दारात आला की सुरू होतो. दहा बाय बाराच्या खोलीत मधे काच घालून गाणाऱ्यासाठी केबिन काढायची, की खोली अख्खी ठेवायची? लातूर, नांदेड, परभणी, जालना, कुठेही जा, यावर दोन तट सापडतात. तो वाद कळायला ही काच मुळात आली कुठून, हे पाहावं लागतं.

भारतात १९०२ साली कलकत्त्यात ग्रामोफोन तबकड्यांसाठी पहिलं ध्वनिमुद्रण झालं, तेव्हा काच नव्हतीच. गाणारा भोंग्यात तोंड घालून गायचा आणि यंत्र त्याच भोंग्याच्या दुसऱ्या टोकाला असायचं. १९२५ च्या सुमारास विजेवरचं रेकॉर्डिंग आलं आणि माइक व यंत्र यांच्यात वायर आली. वायर आली म्हणून यंत्र पलीकडच्या खोलीत नेता आलं, आणि दोन खोल्यांत एकमेकांना खुणा करता याव्यात म्हणून भिंतीत काच बसली. टेपच्या काळात तिला तीन कारणं होती. मशीनच्या मोटारीचा आवाज माइकमध्ये जाऊ नये, हे पहिलं. रेकॉर्डिस्टला प्रत्यक्ष आवाज नको, स्पीकरमधून टेपवर काय जातंय तेच ऐकू यावं, हे दुसरं. तिसरं म्हणजे, गायक, कोरस आणि सात-आठ वादक एकाच वेळी वाजवायचे, त्यांना ‘चला’ आणि ‘थांबा’ दाखवायला कुणीतरी समोर दिसायला हवं. रेडिओ केंद्रांत हीच रचना होती. आपल्याकडच्या बहुतेक भजनी मंडळांनी, शाहिरांनी आणि गोंधळ्यांनी आयुष्यात पहिला स्टुडिओ पाहिला तो अशाच केंद्रावर. ‘स्टुडिओ म्हणजे काच’ ही समजूत तिथून घरी आली.

कॅसेटच्या काळात ती आणखी पक्की झाली. सी-६० कॅसेटच्या एका बाजूला तीस मिनिटं, म्हणजे सहा-सात मिनिटांची चार गाणी. दोन बाजूंची मिळून आठ गाणी एकदमच तयार असल्याशिवाय मोठ्या शहरातल्या स्टुडिओची शिफ्ट (ठरावीक तासांसाठी भाड्याने घेतलेली वेळ) घेणं परवडायचं नाही. नांदेडकरांना मुंबईच्या साधारण निम्म्या अंतरावर हैदराबाद होतं, बाकीच्यांना पुणे-मुंबई. भीमगीतं, हरिपाठ, देवीची गाणी, कव्वाली, सगळ्यांचा हिशोब शिफ्टचा. कॅसेटवर चार ट्रॅक घेणारं घरगुती मशीन १९७९ मध्येच बाजारात आलं होतं, पण इकडच्या खोल्यांच्या इतिहासात त्याला फार जागा नाही.

इकडचा खरा घरगुती स्टुडिओ कॉम्प्युटरबरोबर आला. १९९२ मध्ये सोळा बिटचं साउंड कार्ड आलं. १९९६ नंतर इको-रिव्हर्बसारखे इफेक्ट सॉफ्टवेअरच्या आतच मिळू लागले. २००० ते २०१० या दहा वर्षांत तालुक्याच्या गावी लग्नाचं शूटिंग आणि एडिटिंग करणाऱ्या दुकानांच्या मागच्या खोलीत एक माइक लटकायला लागला. निवडणुकीत रिक्षावरून फिरणारी जाहिरात, यात्रेची घोषणा, मंडळाच्या आरत्या, अधूनमधून एखादा अल्बम. याच दशकात घरोघरी काचेची केबिन झाली. तेव्हा ती चूक नव्हती, हे आज केबिनवर टीका करणाऱ्यांनी मान्य करायला हवं. त्या वेळच्या कॉम्प्युटरच्या डब्यातला पंखा घरघरायचा, हार्ड डिस्क कटकटायची आणि लाइट गेली की यूपीएस टेकच्या, म्हणजे सलग रेकॉर्डिंगच्या, मधोमध शिट्टी मारायचा. माइक आणि डबा यांच्यात काहीतरी आडोसा हवाच होता.

लाइटचा प्रश्न तर त्या काळाची निम्मी कहाणी आहे. ग्रामीण फिडरवर दिवसाचे दहा-बारा तास भारनियमन, त्यामुळे रेकॉर्डिंग रात्रीचं. चौकोनी वेव्हचा स्वस्त इन्व्हर्टर लावला की प्रत्येक ट्रॅकमध्ये भुणभुण यायची. ती घालवायला नॉइज रिडक्शन मारलं की गायकाचा ‘स’ आणि ‘श’ पाण्यात बुडाल्यासारखे व्हायचे. साइन वेव्ह इन्व्हर्टर आल्यावर हा त्रास बराच कमी झाला, अर्थिंगचा मात्र राहिला. काळ्या जमिनीत हा त्रास जास्त. उन्हाळ्यात ती भेगाळते, इलेक्ट्रोडभोवतीची माती सुटते आणि पावसाळ्यात चांगली असलेली अर्थिंग एप्रिलमध्ये नुसती नावाला उरते. मग इंटरफेसच्या धातूच्या कडेला हात लावला की मुंग्या येतात आणि हेडफोनमध्ये पन्नास हर्ट्झचा हम बसतो. तपासणी सोपी आहे. मल्टिमीटर एसीवर ठेवून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मोजावं. दोन-तीन व्होल्टच्या वर दिसलं तर इलेक्ट्रिशियनला बोलवावं. खड्ड्यात कोळसा-मीठ असेल तर फनेलच्या पाइपातून उन्हाळाभर पाणी सोडत राहावं. हम जातो म्हणून प्लगची अर्थ पिन कापायची पद्धत त्या दशकात सर्रास होती. ती जिवावर बेतणारी आहे. पिन न कापता चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवून पाहिला तरी हम कुठून येतोय ते कळतं.

खोली बदलली त्याचाही इतिहास आहे. जुन्या माळवदाच्या घराच्या दगड-मातीच्या दोन-अडीच फुटी भिंती बाहेरचा आवाज सहज अडवायच्या. कडी-पाटाचं छत, कोनाडे, धान्याच्या कणग्या, पोती यांमुळे आत घुमतही नसे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात अशाच जाड भिंती माणसांवर पडल्या. त्यानंतर लातूर-धाराशिव भागात तरी तशा भिंतीखाली झोपायला कोणी धजावेना. सिमेंटची घरं आली आणि ती यायलाच हवी होती. पण दहा बाय बारा, वर दहा फुटांवर स्लॅब, चारी बाजूंनी गुळगुळीत प्लास्टर आणि खाली चकचकीत फरशी, या खोलीत टाळी वाजवली की ‘टर्रर्र’ असा फडफडता आवाज परत येतो. अंड्यांचे ट्रे चिकटवायची लाट आली ती यावर उपाय म्हणून. त्या ट्रेंनी बाहेरचा आवाज अडत नाही, आतला पुरेसा शोषला जात नाही, आणि ठिणगी पडली तर ते कागदासारखे पेटतात. कागदच तो.

आता मूळ वादाकडे. केबिनवाले सांगतात की काच लावली की बाहेरचा आवाज थांबतो. हिशोब मात्र वेगळंच सांगतो. तीन बाय सातच्या दाराखाली पाऊण इंचाची फट राहिली, तर ती दाराच्या क्षेत्रफळाच्या जवळपास एक टक्का होते. एक टक्का उघडं म्हणजे ते दार कितीही जाड असो, वीस डेसिबलच्या आसपास अडकतं. नऊ इंची प्लास्टर केलेली वीटभिंत पन्नासच्या घरात अडवते. म्हणजे पैसा जायला हवा खोलीच्या दारावर: भरीव फ्लश डोअर, चौकटीला रबर गॅस्केट, खाली उंबरठा किंवा खाली उतरणारी पट्टी. आणि खिडकीवर: अठरा मिलिमीटर प्लायचे दोन थर आणि मधे रॉकवूल (दगडी तंतूंची लोकर). हे केलं नाही आणि आत अॅल्युमिनियमच्या सरकत्या फ्रेममध्ये एकेरी काच लावली, तर ट्रॅक्टरही ऐकू येतो आणि लग्नसराईतला डीजेही. काच करायचीच तर दोन हव्यात, एक सहा मिलिमीटर आणि एक दहा, म्हणजे दोन्ही एकाच सुरावर थरथरत नाहीत. मधे जमेल तितकं जास्त अंतर, आणि आत सिलिका जेलच्या पुड्या, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात आतून वाफ धरते आणि पुसायला हात पोचत नाही.

याहून मोठी अडचण केबिनच्या मापात आहे. दहा बाय बारातून केबिन निघते ती आतून चार बाय चार. चार फुटांच्या दोन समोरासमोरच्या भिंतींत सुमारे १४० हर्ट्झचा सूर घुमतो, आणि केबिन चौरस असल्यामुळे दोन्ही दिशांना तोच. काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला ‘सा’ धरून, गाणाऱ्या पुरुषाचा षड्ज १३८.६ हर्ट्झ आहे. दुप्पट केलं तर केबिनचा दुसरा सूर २८० च्या आसपास, आणि गायकाचा तार षड्ज २७७. म्हणजे ज्या सुरावर गाणं येऊन टेकतं तोच फुगतो आणि पंचमावर आवाज पातळ पडतो. मिक्सिंग करणारा मग १४० वर कट मारतो, तर बाकीच्या ओळी पोकळ होतात. भिंतीला लावलेला एक इंची फोम इथे काहीच करत नाही, कारण लहर नीट शोषायला तिच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास खोली लागते, आणि १४० हर्ट्झच्या लहरीचा चौथा हिस्सा दोन फुटांचा आहे. फोम फक्त वरचा चकाकता आवाज खातो, त्यामुळे उरतो तो डब्यातून बोलल्यासारखा आवाज. तालुक्याच्या कित्येक जुन्या रेकॉर्डिंगांत हा डबा स्पष्ट ऐकू येतो.

तिसरी गोष्ट उन्हाची. मे महिन्यात बेचाळीस डिग्रीला तापलेला स्लॅब रात्री बारापर्यंत उष्णता सोडतो. हवाबंद केबिनमध्ये माणूस स्वतः शंभर वॅटच्या बल्बइतकी उष्णता देतो. पंधरा-वीस मिनिटांत गायकाचा घसा कोरडा होतो आणि सूर उतरतो. केबिनमध्ये दिमडी किंवा हलगी असेल तर उलटं होतं, कातडं सुकून ताणतं आणि सूर चढतो. पहिला टेक आणि पाचवा टेक जोडायला गेलं की जुळत नाहीत. अख्ख्या खोलीत पंखा बंद करून चार मिनिटांचा टेक घ्यायचा, मग पंखा लावून दम घ्यायचा, एवढं तरी शक्य असतं.

अख्ख्या खोलीलाही तिची खोड आहे. दहा फूट रुंदी आणि दहा फूट उंची एकच असल्यामुळे ५६ हर्ट्झ दोन्हीकडून साचतो. त्यामुळे ढोलकीची धुम आणि कीबोर्डचा बेस मिक्समध्ये खोटा मोठा ऐकू येतो, आणि गाणं बाहेर गाडीत लावलं की बेस गायब. पण हा सूर गाणाऱ्याच्या आवाजाच्या खाली आहे, रेकॉर्डिंग बिघडत नाही. मिक्स हेडफोनवर तपासलं की भागतं. खोलीच्या बाकी घुमण्यावर उपायही हाताशी आहे: घनमीटरला ४८ किलो घनतेचं रॉकवूल, दोन बाय चार फुटांचे, चार इंच जाडीचे सहा ते आठ पॅनल. त्यातले चार कोपऱ्यांत तिरके, उरलेले गाणाऱ्याच्या पाठीमागे आणि बाजूला, भिंतीपासून दोन इंच सोडून. माइक समोर तोंड करून असतो, त्यामुळे त्याला ऐकू येते ती गायकाच्या पाठीमागची भिंत. लोक नेमकी माइकच्या मागची सजवतात. कापसाच्या मुलखात एक जुना तोडगाही आहे. चार इंची कापसाची गादी कोपऱ्यात उभी केली तर चांगलं काम देते, फक्त उंदीर आणि ठिणगी यांपासून जपावी लागते.

२०१० नंतर केबिनची उरलीसुरली कारणंही गेली. एसएसडीच्या लॅपटॉपला खडखड नाही, छोट्या इंटरफेसला पंखाच नाही. बफर (सॉफ्टवेअर एका वेळी उचलतं तेवढा आवाजाचा तुकडा) १२८ नमुन्यांचा आणि ४८ किलोहर्ट्झवर आवाज सॉफ्टवेअरमधून हेडफोनमध्ये परत येताना बफरपायी जाणारा वेळ एका बाजूने तीन मिलिसेकंदांच्या आत, म्हणजे गाणारा आणि रेकॉर्ड करणारा शेजारी बसून दोघंही हेडफोनवर काम करू शकतात. चोवीस बिटमध्ये सरासरी उणे अठरा डेसिबल आणि टोक उणे दहाच्या आसपास ठेवलं तरी हिस येत नाही, त्यामुळे लेव्हल ठासून भरायची जुनी घाईही संपली. २०१६ च्या सप्टेंबरपासून डेटा स्वस्त झाला आणि आठ गाण्यांच्या अल्बमऐवजी एकेक गाणं व्हिडिओसह निघू लागलं. एका गाण्यासाठी शिफ्ट कोण घेणार? वादक एकत्र बसणं आधीच कमी झालं होतं. २०२० च्या टाळेबंदीत ते पूर्ण थांबलं, ट्रॅक मोबाइलवरून पाठवायचे आणि गायकाने आपल्या खोलीत आवाज द्यायचा. म्हणजे खुणा करायला समोर माणूसच उरला नाही.

तरी काच हटलेली नाही, कारण ती आता गिऱ्हाइकासाठी आहे. गावाकडून जीप करून आलेल्या मंडळाला काचेपलीकडे उभं राहून गाण्याचा फोटो हवा असतो आणि तो फोटो पाहून पुढचं मंडळ येतं. हे कारण धंद्याचं आहे, आवाजाचं नाही, पण खोटंही नाही. ज्यांना दोन्ही सांभाळायचं आहे ते केबिन आतून चार बाय साडेपाच करतात, म्हणजे दोन्ही दिशांचे सूर एकमेकांवर बसत नाहीत. छतातून चार इंची पाइपाने हवा घेतात आणि पाइपाला दोन वळणं देऊन आतून रॉकवूल लावतात. केबिन खरोखर लागते ती एकाच प्रसंगी: ढोलकी किंवा संबळ आणि गायक एकाच वेळी हवेत आणि दोन्ही ट्रॅक वेगळे हवेत तेव्हा. त्या वेळी गायकाला बाहेर मोठ्या खोलीत उभं करून वादकाला केबिनमध्ये बसवावं. ढोलकीला १४० हर्ट्झची फुगवटी चालून जाते, षड्जाला चालत नाही.