स्पार्क प्लगच्या नाकाचं तापमान

चार स्ट्रोकचं इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्यांनी फिरत असेल, तर त्यातल्या प्रत्येक स्पार्क प्लगला सेकंदाला २५ ठिणग्या पाडाव्या लागतात. ताशी ५० किलोमीटरच्या सरासरीने १ लाख किलोमीटर कापायला २,००० तास लागतात. याच गतीचा हिशोब धरला तर तेवढ्या वेळात एका प्लगच्या नावावर सुमारे १८ कोटी ठिणग्या जमा होतात. पण प्लगचं डिझाइन करायला बसलेल्या माणसाची झोप ठिणगी उडवत नाही, उष्णता उडवते. कॉइलमधून (ठिणगीसाठी उच्च व्होल्टेज तयार करणाऱ्या भागातून) पुरेसा व्होल्टेज मिळाला की ठिणगी पडतेच. अवघड आहे ते प्लगचं टोक ठरावीक तापमानात राखणं, आणि तेही इंजिन आयडलवर (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) असो वा पूर्ण भाराखाली.

प्लग हातात घेऊन खालून पाहा. पोलादी बॉडीच्या आत पांढऱ्या सिरॅमिक इन्सुलेटरचं निमुळतं टोक दिसतं आणि त्याच्या मधोमध इलेक्ट्रोड. या टोकाला पुढे नुसतं ‘नाक’ म्हणू. ज्वलनाच्या क्षणी नाकाभोवतीचा वायू २,००० अंश सेल्सिअसच्या वर जातो आणि त्याच आवर्तनात, म्हणजे ४० मिलिसेकंदांच्या आत, त्यावर इंधन-हवेचं ताजं, थंड मिश्रण येऊन आदळतं. या सगळ्यात नाकाचं सरासरी तापमान साधारण ४५० ते ८५० अंशांच्या मध्ये राहिलं पाहिजे.

खालची मर्यादा काजळीने ठरते. अर्धवट जळलेल्या इंधनाची काजळी नाकावर बसतेच. नाक ४५०-५०० अंशांच्या वर असेल तर ती आपोआप जळून जाते. त्याखाली असेल तर थर वाढत जातो. काजळी म्हणजे कार्बन, आणि कार्बनमधून वीज वाहते. कॉइलचा व्होल्टेज शून्यावरून वर चढायला काही मायक्रोसेकंद लागतात. नाकावर काजळीचा थर असला की तेवढ्या वेळात वीज त्या थरावरून बॉडीकडे झिरपते, व्होल्टेज हवा तेवढा चढत नाही आणि ठिणगी पडतच नाही. चांगल्या प्लगमध्ये मधला इलेक्ट्रोड आणि बॉडी यांच्यामधला रोध १० मेगाओमच्या वर असतो; तो १ मेगाओमच्या आसपास घसरला की इंजिन मिसिंग करू लागतं. थंडीत गाडी रोज पाच-सात मिनिटंच चालत असेल तर नाक तापायच्या आत इंजिन बंद होतं आणि प्लग काळा पडतो. अशा वेळी प्लग सदोष ठरवून फेकू नये. बऱ्याचदा गाडी अर्धा तास भाराखाली चालवली की तो स्वतःला साफ करून घेतो.

वरची मर्यादा जास्त धोक्याची. नाक ९०० अंशांच्या पुढे गेलं की ते स्वतःच निखारा बनतं आणि ठिणगीच्या आधी मिश्रण पेटवतं. पिस्टन अजून वर येत असतानाच ज्वलन सुरू झाल्याने सिलिंडरमधला दाब आणि तापमान दोन्ही वाढतं; नाक आणखी तापतं; पुढच्या आवर्तनात मिश्रण त्याहून लवकर पेटतं. हे चक्र स्वतःहून थांबत नाही. काजळीने इंजिन रुसतं, पण या प्री-इग्निशनने काही क्षणांत पिस्टनला भोक पडू शकतं. म्हणून प्लग निवडताना शंका आलीच तर थोडा थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर सोडणारा, प्लग बरा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

मग हे तापमान डिझाइनमध्ये बसवायचं कसं? उत्तर नाकाच्या लांबीत आहे. इन्सुलेटर बॉडीच्या आत एका खांद्यावर टेकलेला असतो आणि त्या खांद्याखाली धातूची एक बारीक चकती असते. नाकाने घेतलेल्या उष्णतेचा मोठा वाटा या चकतीतून बॉडीत, तिथून आटे आणि वॉशरमधून सिलिंडर हेडमध्ये आणि पुढे कूलंटमध्ये किंवा हवेत जातो. चकतीपासून टोकापर्यंतचं नाक लांब असेल तर गरम वायूला उघडा पडणारा पृष्ठभाग मोठा आणि उष्णतेची बाहेर पडायची वाट लांबलचक. हा ‘गरम’ प्लग. नाक आखूड असेल तर उष्णता झटपट निघून जाते. हा ‘थंड’ प्लग. दोन्हींचे आटे, षटकोन, गॅप (मधला आणि बाजूचा इलेक्ट्रोड यांच्यातलं अंतर) सगळं सारखं असू शकतं. बाहेरून पाहून फरक कळत नाही, क्रमांक वाचावाच लागतो. इथेच लोक फसतात: एनजीके आणि डेन्सो या कंपन्यांच्या पद्धतीत आकडा जितका मोठा तितका प्लग थंड, तर बॉश आणि चॅम्पियनच्या पद्धतीत आकडा मोठा म्हणजे प्लग गरम. एक पायरी बदलली की नाकाचं तापमान ढोबळमानाने ७० ते १०० अंशांनी सरकतं. संथ, कमी भाराच्या इंजिनाला गरम प्लग लागतो. जास्त कॉम्प्रेशनच्या, टर्बो बसवलेल्या किंवा शर्यतीच्या इंजिनाला थंड.

आता तो पांढरा इन्सुलेटर. त्याला चिनीमाती म्हणायची सवय आहे, पण आजच्या प्लगमध्ये साधारण ९५ टक्के ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचा ऑक्साइड) असतो. गॉटलोब होनोल्ड यांनी १९०२ मध्ये बॉशसाठी उच्च व्होल्टेजचा मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज निर्माण करणारं यंत्र) आणि त्याच्यासोबतचा स्पार्क प्लग तयार केला, त्या काळी हाताशी साधं पोर्सेलीन होतं. पुढे विमानांच्या इंजिनांत अभ्रकही वापरलं गेलं. ॲल्युमिनाने दोघांना मागे टाकलं, कारण तो ३० हजार व्होल्ट अडवतो आणि उष्णता मात्र पोर्सेलीनच्या कित्येक पट सहज वाहून नेतो. वीज अडवणारे पदार्थ सहसा उष्णताही अडवतात. हा अपवाद आहे आणि आजचा प्लग या अपवादावर उभा आहे.

इन्सुलेटर घडवणं हे सबुरीचं काम आहे. ॲल्युमिनाची पूड, थोडे काच बनवणारे घटक, बाइंडर आणि पाणी यांचा पातळ लगदा गरम हवेत फवारून त्याचे बारीक, गोल दाणे करतात. हे दाणे मधोमध पिन असलेल्या रबरी साच्यात भरून चहूबाजूंनी द्रवाचा दाब देतात, म्हणजे घनता सगळीकडे सारखी येते. मग ग्राइंडिंगने बाहेरचा आकार आणि सुमारे १,६०० अंशांवर भाजणं. भाजताना तुकडा लांबी-रुंदीत सुमारे पाचव्या-सहाव्या हिश्श्याने आकसतो, त्यामुळे साचा आणि ग्राइंडिंगची मापं आधीच तेवढी मोठी धरावी लागतात. दाण्यांची घनता थोडी जरी कमी-जास्त झाली तरी भाजल्यावर मधलं भोक तिरकं होतं, एका बाजूची भिंत पातळ पडते आणि वीज नेमकी तिथूनच आरपार जाते. वरच्या भागाला चकचकीत ग्लेझ देतात ते देखणेपणासाठी नव्हे. त्यावर ओल आणि धूळ टिकत नाही. त्याच भागावरच्या गोल कडाही विजेचा पृष्ठभागावरचा रस्ता लांबवण्यासाठी असतात, नाहीतर ठिणगी बाहेरूनच टर्मिनलवरून बॉडीवर उडी मारते.

यानंतर इन्सुलेटरच्या भोकात खालून वर असे थर येतात: मधला इलेक्ट्रोड, वीजवाहक काचेची पूड, रोधकाची पूड, पुन्हा वीजवाहक काच आणि टर्मिनल. सगळं मिळून ९०० अंशांच्या आसपास तापवून टर्मिनल खाली दाबतात, काच वितळून सगळ्यांना जखडते. काचच का, तर इलेक्ट्रोडचा निकेल मिश्रधातू तापल्यावर ॲल्युमिनाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतो. प्रसरण जुळवून घेणारी काच मध्ये नसेल तर थोड्याच दिवसांत फट पडून वायू गळू लागेल. रोधक साधारण ५ किलोओमचा असतो. ठिणगी सुरू होते त्या क्षणी जो प्रचंड, अतिशय अल्पकाळाचा प्रवाह उसळतो, त्याला तो आवर घालतो. त्यामुळे रेडिओत खरखर येत नाही, इंजिनच्या संगणकाचे सेन्सर गोंधळत नाहीत आणि इलेक्ट्रोडची झीजही कमी होते. शेवटी इन्सुलेटर पोलादी बॉडीत बसवतात आणि बॉडीची कड आत वळवून दाबतात. काही रचनांत बॉडीवरच्या पातळ खाचेतून वीजप्रवाह सोडून ती लाल करतात. थंड होताना पोलाद आकसतं आणि इन्सुलेटरला कायमचं आवळून धरतं.

गॅपचं गणित दोन टोकांमध्ये अडकलेलं आहे. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ फ्रीडरिश पाशेन यांनी १८८९ मध्ये दाखवलं की ठिणगीसाठी लागणारा व्होल्टेज वायूचा दाब आणि अंतर यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो. इंजिनात तापमानही बदलतं, म्हणून दाबाऐवजी वायूची घनता धरणं योग्य. आयडलवर सिलिंडर अर्धा रिकामा असतो, काही हजार व्होल्ट पुरतात. थ्रॉटल पूर्ण उघडलं की तोच प्लग २० हजारांच्या पुढे मागणी करतो आणि टर्बो असेल तर आणखी. म्हणून कमकुवत कॉइल किंवा वाढलेला गॅप यांचं दुखणं आयडलवर दिसत नाही. चढावर, वरच्या गिअरमध्ये, कमी फेऱ्यांवर ॲक्सिलरेटर दाबला की गाडी झटके देते.

मग गॅप लहानच ठेवावा, तर ठिणगीतून जन्मलेला ज्योतीचा कण सुरुवातीला जेमतेम मिलिमीटरभराचा असतो. दोन्ही बाजूंना थंड धातू असला की त्याची उष्णता शोषली जाते आणि ज्योत जन्मतःच विझते. स्थिर, योग्य प्रमाणातलं पेट्रोल-हवा मिश्रण पेटवायला प्रयोगशाळेत ०.२ मिलिज्यूलच्या आसपास ऊर्जा पुरते, तरीही कॉइल त्याच्या शेकडो पट साठवते. त्यातली बरीच ऊर्जा इलेक्ट्रोड गिळतात. शिवाय इंजिनातलं मिश्रण वेगाने वाहत असतं, त्यात जळून गेलेले वायू मिसळलेले असतात आणि ठिणगीच्या क्षणी गॅपमध्ये नेमकं योग्य मिश्रण असेलच याची खात्री नसते. म्हणून ठिणगी मिलिसेकंदभर तरी टिकवतात. या ओढाताणीतून मोटारसायकलींत सहसा ०.६ ते ०.९ आणि मोटारींत ०.७ ते १.१ मिलिमीटरचे गॅप येतात. सीएनजीवर ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतो, त्यामुळे गॅप बहुधा थोडा कमी ठेवावा लागतो.

बारीक इलेक्ट्रोडचा फायदा इथे कळतो. टोक बारीक असलं की विद्युत क्षेत्र तिथे एकवटतं आणि कमी व्होल्टेजमध्ये ठिणगी पडते. शिवाय ज्योतीची उष्णता शोषायला धातूच कमी असतो. पण साध्या प्लगचा निकेलचा इलेक्ट्रोड सुमारे २.५ मिलिमीटर जाड असतो, आणि तो ०.६ मिलिमीटरचा केला तर लगेच झिजून जाईल. निकेल १,४५५ अंशांना वितळतं, प्लॅटिनम १,७६८ ला, इरिडियम २,४४६ ला. म्हणून इरिडियमचा एवढासा तुकडा लेझरने टोकाला जोडतात. इरिडियमची खोड अशी की खूप तापल्यावर ऑक्सिजनशी संयोग होऊन त्याचा ऑक्साइड वाफ बनून उडून जातो. म्हणून त्यात रोडियमसारखे धातू मिसळतात. मधल्या इलेक्ट्रोडला ऋण ध्रुव देतात, कारण तापलेल्या टोकातून इलेक्ट्रॉन सहज सुटतात. ज्या इंजिनांत एकच कॉइल दोन प्लग पेटवते तिथे एका प्लगचा ध्रुव उलटा पडतो आणि त्याचा बाजूचा इलेक्ट्रोड लवकर झिजतो. अशा ठिकाणी दोन्ही बाजूंना मौल्यवान धातू लागतो.

इतकी काळजी घेऊन घडवलेली उष्णतेची वाट बसवणाऱ्याच्या एका चुकीने बंद होते, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. प्लग सैल राहिला तर वॉशर दाबला जात नाही, उष्णता हेडमध्ये जात नाही आणि अचूक हीट रेंजचा (गरम-थंडपणाच्या पायरीचा) प्लगही प्री-इग्निशन करू लागतो. फार आवळला तर बॉडी ताणली जाते आणि आतली पकड सुटून वायू गळतो. वॉशर असलेल्या १४ मिलिमीटरच्या प्लगला ॲल्युमिनियम हेडमध्ये साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ मिलिमीटरच्याला १५ ते २० आणि १० मिलिमीटरच्याला १० ते १२ न्यूटन-मीटर टॉर्क पुरतो. इंजिनच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच धरावा. टॉर्क पाना नसेल तर १४ मिलिमीटरचा नवा प्लग हाताने टेकेपर्यंत फिरवून मग पान्याने अर्धा ते दोन तृतीयांश फेरा द्यावा. वॉशरऐवजी शंकूसारखी बैठक असेल तर फेऱ्याचा फक्त सोळावा भाग. आट्यांना ग्रीस लावू नये. घर्षण कमी होतं, पाना तोच टॉर्क दाखवतो आणि प्लग प्रत्यक्षात कितीतरी जास्त आवळला जातो. प्लग काढायचा तो इंजिन गार झाल्यावरच, नाहीतर हेडचे आटे प्लगसोबत निघून येतात.

आट्यांची लांबीही तंतोतंत हवी. १९ मिलिमीटरच्या जागी १२.७ चा प्लग लावला तर हेडचे उघडे आटे कार्बनने भरतात आणि पुढे योग्य प्लग आत जात नाही. उलट केलं तर प्लगचे आटे ज्वलनकक्षात डोकावतात, तापून लाल होतात आणि एखाद्या इंजिनात पिस्टनच त्यांवर आदळतो.

गॅप तपासताना वापरलेल्या प्लगवर पातळ पट्टीचा गेज फसवतो. बाजूच्या इलेक्ट्रोडवर ठिणग्यांनी खळगा पडलेला असतो, पट्टी त्याच्या काठांवर टेकते आणि गॅप खऱ्यापेक्षा कमी भासतो. गोल तारेचा गेज वापरावा. वाकवायचा तो फक्त बाजूचा इलेक्ट्रोड. मधल्यावर टेकू घेऊन तो उचकटला की इरिडियमचं टोक तुटतं किंवा नाकाला तडा जातो.

नाकाचा रंग फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर सगळं ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे मिश्रणात इंधन जास्त किंवा प्लग फार थंड. ओला, तेलकट काळेपणा म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलमधून येणारं ऑइल. पांढरंफटक, फोड आलेलं नाक म्हणजे अतितापणं. बॉडीच्या वरच्या कडेलगत बाहेरून ग्लेझवर तपकिरी वलय दिसलं की वायू गळतोय असं समजून पुष्कळ प्लग बदलले जातात. ते गळतीचं लक्षण नाही. उच्च व्होल्टेजमुळे तिथे कोरोना, म्हणजे हवेतला मंद विद्युत विसर्ग, तयार होतो, आणि हवेतले तेलाचे बारीक कण त्याकडे ओढले जाऊन इन्सुलेटरला चिकटतात. असा प्लग बिनधास्त चालवावा. टणक जमिनीवर पडलेला प्लग मात्र, वरून कितीही धडधाकट दिसला तरी, बसवू नये. आतली केसासारखी चीर डोळ्यांना दिसत नाही, आणि भाराखाली व्होल्टेज चढला की ठिणगी गॅप सोडून त्या चिरेतून बॉडीकडे जाते.