शिक्षकांची मान का आखडते?

परीक्षेचा हंगाम आला की शिक्षक-कक्षात मान आणि खांदे आखडल्याच्या तक्रारी सुरू होतात आणि खापर बहुधा खुर्चीवर फोडले जाते. शाळांतील खुर्च्या निर्दोष नसतात हे खरेच. परंतु उत्तरपत्रिका तपासताना युडायस प्लस या शाळांच्या सरकारी माहिती-प्रणालीत माहिती आजच भरायची आहे हा घोर मनाला लागला असेल, तर तो भारही खांद्याच्या स्नायूत उतरतो.

मानेपासून खांद्यापर्यंत पसरलेल्या ट्रॅपेझियस या स्नायूचे तंतू गटागटाने आकुंचन पावतात आणि प्रत्येक गटाला मज्जारज्जूतील एक प्रेरक चेतापेशी आज्ञा देते. लहान चेतापेशींचा विद्युतरोध जास्त असतो. शाळेत शिकलेला ओहमचा नियम लावला, तर तेवढ्याच प्रवाहाने त्यांच्या पटलावरील विभव (व्होल्टेज) अधिक बदलतो आणि त्या आधी उद्दीपित होतात. जोर वाढेल तशा मोठ्या चेतापेशी सामील होतात, आणि जोर ओसरताना त्याच आधी थांबतात. अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ एल्वुड हेनेमन यांनी मांडलेल्या या आकारतत्त्वाचा अर्थ असा की, हलक्या पण अखंड कामात तेच मोजके तंतू राबत राहतात. हेच अखंड राबणारे तंतू दुखण्याचे मूळ असावेत, या गृहीतकाला स्वीडनमधील संशोधक हेग यांनी १९९१ मध्ये परीकथेतील, सर्वांआधी उठून सर्वांनंतर निजणाऱ्या सिंड्रेलाचे नाव दिले.

पुढे स्वीडनमध्येच उल्फ लुंडबर्ग आणि सहकाऱ्यांना असे आढळले की, केवळ मानसिक ताण दिला तरी या स्नायूतील विद्युत हालचाल वाढते आणि शारीरिक श्रमात जागे होणारे काही गट तेव्हाही जागे होतात. चुंबकीय पट्टे विकणाऱ्यांनी किंवा वास्तुशास्त्रानुसार टेबल फिरवून देणाऱ्यांनी या तंतूंना विश्रांती मिळाल्याचे एकदा मोजून दाखवावे.

ही विश्रांती मोजता येते. नॉर्वेत चॉकलेट भरणाऱ्या स्त्री कामगारांच्या अभ्यासात ०.२ सेकंदांहून मोठे, स्नायूतील विद्युत हालचाल जवळजवळ थांबण्याचे क्षण मोजले गेले. ज्यांच्यात ते कमी होते, त्यांच्यात दुखणे अधिक आढळले. म्हणून काही उत्तरपत्रिकांनंतर हात मांडीवर सोडून खांदे सैल करावेत; मात्र त्याच वेळी मोबाइलवर माहितीची मागणी येत राहिली, तर स्नायू पुरता सैल होईलच असे नाही. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढ्याच अशैक्षणिक कामांना मुभा देते. माहिती भरण्याचा त्यात उल्लेख नाही. ते काम टळत नसेल, तर निदान तपासणीच्या दिवसांत त्याची मुदत ठेवू नये, एवढे वेळापत्रक आखणाऱ्यांना करता येईल.