स्ट्रिंग : इंडेक्स आणि स्लाइस

स्ट्रिंग म्हणजे ओळीने मांडलेली चिन्हे आणि इंडेक्स म्हणजे त्यांतल्या प्रत्येकाचा क्रमांक. पायथॉन, जावा, सी, जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंगच्या भाषांमध्ये मोजणी ० पासून होते. लुआ, आर, ज्युलियामध्ये १ पासून. स्ट्रिंगचा तुकडा काढणे म्हणजे स्लाइस. पायथॉनमध्ये ‘नाव’ या स्ट्रिंगसाठी नाव[०:३] लिहिले की ०, १, २ या क्रमांकांची चिन्हे मिळतात, ३ चे मिळत नाही. नवशिके हमखास इथेच अडखळतात. सातारा-सांगलीकडच्या माणसाला ते उसाच्या बेण्यावरून पटकन कळावे. टिपरी (लावणीचे तुकडे) तोडताना कोयता डोळ्यावर, म्हणजे कोंब फुटतो त्या जागी, मारत नाहीत, दोन डोळ्यांच्या मधे मारतात. स्लाइसमधले आकडे हे अशा घावांचे क्रमांक आहेत. (आकडे इथे देवनागरीत दिले आहेत. पायथॉन ३ मध्ये व्हेरिएबलचे, म्हणजे मूल्याला दिलेले, नाव देवनागरीत चालते, कोडातले आकडे चालत नाहीत.)

सांगली शहराचा पिन ४१६४१६. पिन[:३] (सुरुवातीपासून) आणि पिन[३:] (शेवटपर्यंत) दोन्हींचे उत्तर ४१६. मात्र पहिल्या तीन आकड्यांवरून जिल्हा ओळखायला जाऊ नये : साताऱ्याचा पिन ४१५००१, आणि सांगली जिल्ह्यातल्या विट्याचा ४१५३११.

खरी गंमत मराठी मजकुरात आहे. ‘सातारा’ आपल्याला तीन अक्षरी वाटतो, पण पायथॉन त्याची लांबी ६ सांगतो, कारण युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकात, काना हे वेगळे चिन्ह आहे : स, ा, त, ा, र, ा. म्हणून सातारा[२:] म्हणजे ‘तारा’. ‘सांगली’चीही चिन्हे सहाच. सांगली[:२] दिले तर ‘सा’ येतो, अनुस्वार पलीकडच्या तुकड्यात लोंबकळतो. [३:] दिले तर नीट ‘गली’ हाती येते. ‘मिरज’मध्ये वेलांटी दिसते म च्या आधी, साठवली जाते म च्या नंतर, त्यामुळे मिरज[०] हा नुसता ‘म’. [::-१] ने, म्हणजे शेवटाकडून सुरुवातीकडे वाचून, ‘सातारा’ उलटा केला तर सुरुवातीलाच बिनआधाराचा काना येतो. गो भाषेत तर ‘सातारा’ची लांबी १८ भरते, कारण ती बाइट (साठवणुकीचे एकक) मोजते आणि यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइटचे असते.

मर्यादेबाहेरचा इंडेक्स, उदा. सांगली[६], चूक दाखवून थांबतो. सांगली[३:५०] मात्र मुकाट्याने ‘गली’च देते. हा मुकेपणा सोयीचा खरा, पण चुका झाकणारा.

सर्वांत अडचणीचे नाव कऱ्हाडचे. त्यातला ‘ऱ’ एका चिन्हात लिहिता येतो, किंवा र आणि नुक्ता (खालचा टिंब) अशा दोन चिन्हांत. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण लांबी एकदा ६, एकदा ७, आणि तुलना केली तर पायथॉन दोन्ही नावे वेगळी ठरवतो. त्यामुळे यादीत असलेले गाव शोधताना सापडत नाही. तुलनेआधी दोन्ही स्ट्रिंग नॉर्मलाइझ कराव्या, म्हणजे एकाच रूपात आणाव्या, लागतात. अक्षरे मोजायची तर चिन्हांऐवजी ग्राफीम, म्हणजे वाचणाऱ्याला एक अक्षर वाटणारा चिन्हांचा गट, धरावे. स्विफ्ट भाषा मुळातच तसे मोजते, तिच्या लेखी ‘सांगली’ तीनच अक्षरांची. जोडाक्षर न फोडण्याचा नियम मात्र युनिकोडमध्ये २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला. त्याआधीच्या नियमांनी ‘ऱ्हा’चे ‘ऱ्’ आणि ‘हा’ असे दोन तुकडे पडत.