मित्रानं काढलेला कंडोमचा विषय

विशीतल्या मुलाला एचआयव्हीची भीती घातली म्हणून तो कंडोम वापरू लागतो असं नाही. आपल्या गोतावळ्यात काय चालतं, याकडे त्याचं जास्त लक्ष असतं. सुझन केगेलीस, रॉबर्ट हेज आणि त्यांच्या कॅलिफोर्नियातल्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात हेच हेरून 'एमपॉवरमेंट' कार्यक्रम आखला. तो अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात, यूजीन या विद्यापीठाच्या गावात, १८ ते २९ वयाच्या गे आणि बायसेक्शुअल तरुणांमध्ये आठ महिने राबवला.

सूत्रं तरुणांच्याच 'कोअर ग्रुप'कडे होती. नाचाची पार्टी, सहल, सिनेमा, सगळं तेच ठरवायचे. एकटा पडलेला मुलगा एचआयव्हीच्या व्याख्यानाला फिरकत नाही, सहलीला मात्र येतो. तिथेच त्याला 'एम-ग्रुप'चं आमंत्रण मिळतं.

एम-ग्रुप म्हणजे आठ-दहा जणांची तीन तासांची एकच बैठक. अशा बैठकीत बारकावे हातानं करून बघायचे असतात. पाकीट दातांनी फाडायचं नाही, कंडोमचं टोक चिमटीत धरून हवा काढायची, वंगणाचं जेल पाण्याचं किंवा सिलिकॉनचंच घ्यायचं. व्हॅसलीन किंवा खोबरेल लावलं की कंडोमचं लेटेक्स, म्हणजे रबर, कमकुवत होऊन फाटतं. जोडीदार ऐन वेळी "राहू दे ना आज" म्हणाला तर काय बोलायचं, याचाही सराव होतो. निघताना प्रत्येक जण आपल्या मित्रांशी या विषयावर बोलायचं कबूल करतो. खरा प्रसार इथून होतो.

यूजीनमध्ये कंडोमशिवाय गुदमैथुन करणाऱ्यांचं प्रमाण ४१ टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर आलं. पक्का जोडीदार सोडून इतरांशी तसा संबंध ठेवणारे २०.२ वरून ११.१ टक्के झाले. तुलनेसाठी घेतलेल्या गावात असा बदल दिसला नाही.

असं काम फसतं तेही ठरावीक ठिकाणी. कर्मचारीच सगळं ठरवू लागले की मुलं पाहुणी होतात. कोअर ग्रुपचं टोळकं झालं की नवा मुलगा दारातूनच परततो. नुसत्या पार्ट्या उरल्या की कंडोमचा विषयच निघत नाही.

सर्वात अवघड जागा प्रेमाच्या नात्याची. बॉयफ्रेंडसोबत कंडोमशिवाय संबंध ठेवणाऱ्यांचं प्रमाण ५८.९ वरून ४४.७ टक्क्यांपर्यंतच उतरलं, कारण तिथं कंडोम म्हणजे अविश्वास वाटतो. म्हणून जोडप्यांना नेमकं सांगावं लागतं: कंडोम सोडायचा असेल, तर दोघांनी आज एचआयव्हीची तपासणी करा. प्रयोगशाळेतली अँटिजेन-अँटिबॉडी चाचणी संसर्गानंतर ४५ दिवसांपर्यंत चुकू शकते, तेव्हा तेवढे दिवस कंडोम वापरून पुन्हा तपासा. बाहेर कुणाशी संबंध आला तर लपवायचं नाही, हेही आधीच ठरवा. ते जमणार नसेल तर प्रेपच्या, म्हणजे एचआयव्हीची लागण टाळण्यासाठी आधीच घ्यायच्या, गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोला.