बुटक्या उंदरांपासून सिंधच्या खेड्यांपर्यंत

मेंदूच्या बुडाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी जेमतेम वाटाण्याएवढी, पण मूल वाढतं ते तिच्या जोरावर. ती जन्मतःच दुबळी का राहते, याचा पहिला धागा मिळाला तो उंदरांच्या पिंजऱ्यात.

1929 साली अमेरिकेत जॉर्ज स्नेल यांनी बुटक्या उंदरांची नोंद केली. ही पिल्लं जन्मतः भावंडांसारखीच दिसतात. दोनेक आठवड्यांत भावंडं पुढे जातात, ही तिथेच राहतात. आईबाप दोघांकडून जनुकाची बिघडलेली प्रत आली, तरच हा दोष दिसे. ते जनुक कोणतं, हे कळायला 1990 उजाडलं: पिट-1. दोन वर्षांत तोच बिघाड मुलांतही सापडला. अशा मुलांत वाढीचं ग्रोथ हार्मोन, दूध तयार करवणारं प्रोलॅक्टिन आणि थायरॉइडला चालना देणारं टीएसएच ही पिट्युटरीची तिन्ही हार्मोन्स कमी पडतात. पुढे एम्स जातीच्या बुटक्या उंदरांत पिट-1च्याही आधी कामाला लागणारं जनुक सापडलं. त्याचं नाव ठेवलं ‘प्रॉफेट ऑफ पिट-1’, म्हणजे पिट-1चा प्रेषित! व्यवहारात प्रॉप-1. प्रॉप-1 बिघडलेल्या काही मुलांत शरीराला ताण झेलायला लागणारं कॉर्टिसोल हे हार्मोन बऱ्याच वर्षांनी घटतं, म्हणून डॉक्टर तपासण्या थांबवत नाहीत.

उपचार मात्र जनुकं कळण्याआधीच सुरू झाले होते. 1958 मध्ये मॉरिस रेबेन यांनी मृतदेहांच्या पिट्युटरीतून काढलेल्या ग्रोथ हार्मोनने एका रुग्णाची उंची वाढल्याचं कळवलं. काही मुलं मात्र इंजेक्शनवर थोडी वाढून थांबत. 1981 मध्ये उलगडा झाला: त्यांच्यात ग्रोथ हार्मोनचं जनुकच गायब होतं. शरीराने हे हार्मोन कधी पाहिलेलंच नाही, मग ते परकं समजून त्याविरुद्ध अँटिबॉडी तयार होत.

आपल्याकडचा धागा ‘लिटल’ नावाच्या आणखी एका बुटक्या उंदराच्या जातीशी जुळतो. त्याच्या मेंदूकडून ‘ग्रोथ हार्मोन सोड’ असा निरोप निघतो, पण पिट्युटरीवरचं तो घेणारं रिसेप्टर बिघडलेलं. 1996 मध्ये एका भारतीय कुटुंबात, नात्याने भावंडं लागणाऱ्या दोन मुलांत, हाच दोष सापडला. पाठोपाठ सिंधमध्ये, सिंधू नदीच्या खालच्या खोऱ्यातल्या खेड्यांत, बांध्याने प्रमाणशीर पण जेमतेम सव्वाचार फुटी पुरुष आढळले. दोष त्या भारतीय कुटुंबातलाच, जनुकातल्या अगदी त्याच अक्षरावर. पिढ्यानपिढ्या नात्यातच लग्नं होत आल्याने तो टिकला. 2005 मध्ये पश्चिम भारतातल्या मुलांच्या अभ्यासातही तोच निघाला. या मुलांचं ग्रोथ हार्मोनचं जनुक शाबूत असतं, त्यामुळे इंजेक्शन त्यांना सहसा चांगलं लागू पडतं.